आपली ओटी : माजघरातही विचारा



आजी-आजोबांच्या गुडघ्यांची कुरकुर फार नसेल, आणि मुलांच्या परीक्षा बऱ्या गेल्या असतील, असे धरून आम्ही ओटीवर येऊन बसतो. पुढे सरका, जागा करा.

मागच्या शब्बाथला संध्याकाळी हवदाला झाल्यावर आम्ही ओळखीच्या एका घरी गेलो होतो. चहा झाला, चिवडा झाला. त्या घरची मोठी नात त्साहालमध्ये आहे. धाकटा नातू नऊ वर्षांचा, तो आजीला विचारू लागला, "आजी, ताईला परत शाळेत पाठवणार म्हणे. आर्मीत पण शाळा असते?"

आजी म्हणाल्या, "असते तर! बंदूक कशी धरायची ते कोण शिकवणार?"

"बंदूक नाय गं! ती म्हणते, लोकांशी कसं बोलायचं ते शिकवणार. बायकांना काय विचारायचं, ते."

आजी हसून म्हणाल्या, "अरे देवा! ते तर आम्ही तिला घरीच शिकवलं होतं. त्यासाठी सरकारने कशाला पैसे घालवायचे?"

सगळे हसलो. पण घरी येताना ती गोष्ट आमच्या डोक्यातून काही जाईना. सैनिकाला, पोलिसाला, सरकारी अंमलदाराला बायामाणसांशी बोलायला खरेच शिकवावे लागते का? आम्ही थोडे वाचले, थोडे विचारले, आणि आजचे पान त्यावरच लिहायचे ठरवले.

आधी जरा कोकणात जाऊन येऊ. मुलांनो, तुमच्या पणजोबांच्या गावी घराला पुढे ओटी असायची आणि आत माजघर. गावात सरकारी माणूस आला की तो ओटीवर बसायचा. पाणी, गूळ, पानसुपारी व्हायची. तो विचारायचा, "काय, गावात सगळं ठीक?" आणि पुरुषमंडळी सांगायची, "ठीक आहे, साहेब." साहेब वहीत लिहून घ्यायचे की गावात सगळे ठीक.

पण कणगीत भात किती उरले आहे, कुठल्या विहिरीचे पाणी खाली गेले, कुणाच्या घरी ताप आहे, कुणाची सून रात्री रडते, आणि कोण परका माणूस तीन दिवस गावाबाहेर फिरतो आहे, हे सगळे माहीत असायचे माजघरात आणि पाणवठ्यावर. तिथे साहेब कधी गेलेच नाहीत. म्हणजे साहेबांच्या वहीत अर्धाच गाव आला. ओटीवरचा गाव.

लढाईच्या काळात ही अर्धी वही फार महाग पडते. जगाला ही गोष्ट पटायला पुष्कळ वर्षे लागली.

३१ ऑक्टोबर २००० या दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने एक ठराव केला. त्याचा नंबर १३२५. एकमताने केला. त्या महिन्यात परिषदेचे अध्यक्षपद आफ्रिकेतल्या नामिबिया या देशाकडे होते. ठरावाचा अर्थ आमच्या साध्या भाषेत असा : लढाईत बायका आणि मुले फार भोगतात, म्हणून त्यांचे रक्षण करा. पण त्यांना फक्त बिचाऱ्या समजू नका. भांडण मिटवण्याच्या बैठकीत त्यांना बसवा, सैन्यात आणि पोलिसात त्यांना जागा द्या, आणि जे शांतिसैनिक परदेशी पाठवता त्यांना या गोष्टींचे शिक्षण देऊन पाठवा. २०२५ साली या ठरावाला पंचवीस वर्षे झाली.

आता हे शिक्षण म्हणजे काय? कोणी म्हणेल, पंख्याखाली बसवून भाषण देत असतील. भाषण असतेच, पण नुसत्या भाषणाने अधिकारी शिकत नाहीत, हे शिकवणाऱ्यांनाही ठाऊक आहे. म्हणून ते गोष्टी रचतात, नकाशा पुढे ठेवतात आणि सोडवायला सांगतात. आम्हीही तुम्हांला एक गोष्ट रचून देतो.

समजा, लढाईतून पळून आलेल्या माणसांची एक छावणी आहे. तंबू हजार. तुम्ही तिथले कॅप्टन. तुमचे गस्तीचे पथक सकाळी दहाला निघते, दुपारी दोनला परतते, आणि रोज लिहिते, "काही घडले नाही." तरी बायकांवर हल्ले होतात अशी तक्रार वर गेली आहे. काय चुकले?

मुलांनो, इथे वाचन थांबवा आणि जरा विचार करा.

उत्तर सोपे आहे. छावणीतल्या बायका पहाटे चारला उठून सरपण आणायला जंगलात जातात. हल्ला होतो तो त्या वाटेवर आणि त्या वेळी. दहा वाजता वाट रिकामी, मग पथकाला दिसणार काय? कॅप्टनने छावणीच्या मुकादमांना विचारले होते, पण सरपण आणणाऱ्या बाईला विचारले नव्हते. सुदानच्या दारफूर भागात हेच झाले होते. पुढे तिथल्या शांतिसैनिकांनी सरपणाला जाणाऱ्या बायकांबरोबर गस्त घालायला सुरुवात केली. म्हणजे नवी तोफ आणावी लागली नाही, फक्त घड्याळ आणि वाट बदलावी लागली.

असे पुष्कळ प्रश्न या वर्गांत असतात. पाण्याचा नळ पहारेकऱ्याच्या चौकीला खेटून बसवला तर बायका तिथे जातील का? संडासाच्या वाटेवर दिवा आहे का? दुभाष्या पुरुष असेल तर बाई आपले दुःख त्याच्या तोंडून सांगेल का? तिने सांगितलेच, तर ते कुठे लिहायचे, कुणाला दाखवायचे आणि कुणाला मुळीच दाखवायचे नाही? कारण नाव फुटले तर तिचा जीव जाऊ शकतो. आणि सगळ्यात मोठा प्रश्न : या खोलीत आत्ता कोण नाही? ज्याचे नुकसान होणार आहे तोच जर खोलीत नसेल, तर निर्णय कसा बरोबर येणार?

स्वीडनमध्ये स्टॉकहोमजवळ कुंगसेंगेन या गावी सैन्याच्या आवारात यासाठी खास केंद्र आहे. ते २०१२ साली सुरू झाले. तिथे निरनिराळ्या देशांचे अधिकारी येतात, जनरलसाहेबांसाठीसुद्धा वेगळा वर्ग असतो. हे आम्हांला फार आवडले. कारण शिपाई शिकला आणि साहेब शिकला नाही, तर शिपायाचे शिकणे दप्तरातच राहते. आपल्या दिल्लीतही २००० सालापासून शांतिसैनिकांना शिकवणारे केंद्र आहे, आणि तिथे परदेशच्या स्त्री अधिकारीही शिकायला येतात.

आपली दिल्ली म्हणालो, त्याचा राग मानू नका. घर इथे आहे, पण माहेर विसरत नाही माणूस. आणि या कामात माहेरच्या मुलींनी नाव काढले आहे.

२००७ च्या जानेवारीत भारताने आफ्रिकेतल्या लायबेरिया देशात पोलिसांची एक तुकडी पाठवली. सगळ्या बायका! संयुक्त राष्ट्रांच्या कामावर गेलेली अशी ही पहिलीच तुकडी. केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या त्या शंभराहून अधिक जणी, निळ्या टोप्या घालून मन्रोव्हिया शहरात रात्रीची गस्त घालायच्या, राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीवर पहारा करायच्या. तुकड्या बदलत गेल्या, पण काम नऊ वर्षे चालले, २०१६ च्या फेब्रुवारीपर्यंत. निरोपाच्या वेळी राष्ट्राध्यक्षा एलेन जॉन्सन सरलीफ यांनी सांगितले की देशाच्या सुरक्षा दलांत बायकांचे प्रमाण त्या नऊ वर्षांत शंभरात ६ वरून १७ वर गेले. सगळे श्रेय या तुकडीचे असे आम्ही म्हणणार नाही. पण रस्त्यावर वर्दीतली बाई रोज दिसली की पोरींना वाटतेच, आपणही होऊ.

त्याच लायबेरियाची आणखी एक गोष्ट मुलांना सांगायला हवी. तिथे चौदा वर्षे धुमसत असलेली लढाई २००३ साली थांबली. त्या वर्षी लेमा बोवी नावाच्या बाईंच्या पुढाकाराने ख्रिस्ती आणि मुसलमान बायका एकत्र आल्या, पांढरे कपडे घालून मासळीबाजाराजवळ रोज बसू लागल्या, उन्हात आणि पावसात. घाना देशात बोलणी चालली होती ती पुढे सरकेनात, तेव्हा या बायका तिथे जाऊन सभागृहाचे दार अडवून बसल्या. करार केल्याशिवाय बाहेर पडायचे नाही! ऑगस्टमध्ये करार झाला. २०११ साली लेमा बोवी आणि सरलीफबाई, दोघींना येमेनच्या तवक्कुल करमान यांच्याबरोबर शांततेचे नोबेल मिळाले. बोलणी करायला पुरुष आत होते, पण बोलणी संपवण्याची घाई दाराबाहेरच्या बायकांना होती. कारण घरी चूल त्यांना पेटवायची होती.

पुण्याच्या मंडळींना आठवत असेल, २०१६ च्या मार्चमध्ये औंधच्या लष्करी तळावर अठरा देशांचा सराव झाला. त्यात शांतिसैनिकांच्या कामाचाही सराव होता. भारताच्या तुकडीचे नेतृत्व सोफिया कुरेशी या अधिकारी बाईंकडे होते. अठरा देशांच्या नायकांत त्या एकट्याच स्त्री. त्यांनी पूर्वी काँगोत शांतिसैनिकांबरोबर काम केले होते.

मेजर सुमन गवानी दक्षिण सुदानमध्ये होत्या. त्यांनी दोनशेहून अधिक लष्करी निरीक्षकांना एकच गोष्ट शिकवली : लढाईत बायकांवर होणारे अत्याचार कसे ओळखायचे आणि कसे थांबवायचे. तिथल्या सरकारी सैन्यालाही त्यांनी शिकवले. २०१९ चा संयुक्त राष्ट्रांचा यासाठीचा पुरस्कार त्यांना ब्राझीलच्या एका नौदल अधिकारी बाईंबरोबर मिळाला. २०२३ चा तोच पुरस्कार मेजर राधिका सेन यांना मिळाला. या हिमाचलच्या, पण मुंबईच्या आयआयटीत शिकत असताना सैन्यात जायचे ठरवले. पवईच्या तळ्याकाठून थेट काँगो! तिथे त्यांच्या हाताखाली बाया आणि पुरुष दोन्ही सैनिक होते. गावोगाव जाऊन त्या बायकांना भेटायच्या, त्यांच्या अडचणी ऐकायच्या.

तरीही फुशारकी नको. १९९३ साली संयुक्त राष्ट्रांच्या वर्दीतल्या शांतिसैनिकांत बायका शंभरात एक होत्या. आजही शंभरात दहाच्या घरातच आहेत. वाट लांब आहे.

आता आपल्या या घराकडे, इस्राएलकडे येऊ. इथे मन जड होते, पण बोलायला हवे.

आपल्या देशात मुली पहिल्यापासून सैन्यात जातात. पण कुठल्या कामावर, हा प्रश्न होता. अॅलिस मिलर नावाच्या मुलीला वैमानिक व्हायचे होते, तर परीक्षाच देऊ देईनात. ती कोर्टात गेली. १९९५ साली हायकोर्टाने हुकूम दिला की मुलींना परीक्षेला बसू द्या. ती स्वतः वैमानिक झाली नाही, पण दार उघडले. २००१ साली रोनी झुकरमन लढाऊ जेट चालवणारी पहिली इस्राएली स्त्री वैमानिक झाली. एकीने दार ठोठावायचे आणि दुसरीने आत जायचे, असे पुष्कळदा होते.

२००५ साली क्नेसेतने जुन्या १९५१ च्या स्त्रियांच्या समान हक्कांच्या कायद्यात एक कलम घातले. देशाचे धोरण ठरवणाऱ्या समित्यांत आणि शांततेच्या बोलण्यांच्या पथकांत बायका हव्यात, आणि त्याही समाजाच्या निरनिराळ्या थरांतल्या. तो १३२५ ठराव आपल्या कायद्याच्या पुस्तकात उतरवणाऱ्या देशांत आपण अगदी पहिल्यांपैकी. कागदावर छान! पण २०१० साली गाझाकडे निघालेल्या जहाजांच्या प्रकरणात सरकारने चौकशी समिती नेमली, तिच्यात एकही बाई नव्हती. स्त्रियांच्या संघटना कोर्टात गेल्या, तेव्हा कोर्टाला सांगावे लागले की बाबांनो, कायदा तुम्हीच केला आहे, पाळा. कायदा भिंतीवरच्या कॅलेंडरासारखा असतो. टांगून उपयोग नाही, रोज पान बघावे लागते.

आणि मग ७ ऑक्टोबर २०२३.

नाहल ओझच्या तळावर आपल्या मुली पडद्यांसमोर बसून सीमेवर नजर ठेवायच्या. हिब्रूत त्यांना तात्स्पितानियोत म्हणतात. वय एकोणीस-वीस. तासन् तास डोळे न हलवता एकाच जमिनीच्या तुकड्याकडे बघायचे, म्हणजे तिथला दगडही ओळखीचा होतो. आधीचे कितीतरी दिवस पलीकडे काही तरी वेगळे चालले आहे, कुंपणाजवळ सराव केल्यासारखी माणसे हालचाल करतात, असे आपण वर कळवले होते, हे त्यांतल्या वाचलेल्या मुलींनी नंतर सांगितले. गेलेल्या मुलींच्या आईबापांनीही तेच सांगितले. वर कोणी मनावर घेतले नाही. तुम्ही फक्त डोळे आहात, विचार करायचे काम आमचे, असे आपल्याला वागवले गेले, हे त्यांचे दुःख. त्या सकाळी तळावर पंधरा निरीक्षक मुली मारल्या गेल्या. सात जणींना गाझात नेले. एकीला सैन्याने त्याच महिन्यात सोडवून आणले, एक कैदेत मारली गेली, आणि पाच जणी २०२५ च्या जानेवारीत परत आल्या. त्या दिवशी टीव्हीसमोर बसून आमच्यातले किती आजी-आजोबा रडले, ते आम्ही पाहिले आहे.

आम्ही लष्करातले जाणकार नाही. त्यांचे ऐकले असते तर सगळे टळले असते, असे लिहिण्याचा आम्हांला अधिकार नाही. पण एवढे नक्की म्हणू : त्या मुलींना शिक्षणाची गरज नव्हती. त्यांचे डोळे चांगले होते, त्यांचे बोलणे स्पष्ट होते. शिक्षण हवे होते ते ऐकणाऱ्यांना. म्हणूनच आम्ही म्हणतो की या विषयाचा वर्ग बायकांसाठी नाहीच. तो कानांसाठी आहे, आणि कान जितके वरच्या हुद्द्यावरचे तितकी गरज जास्त.

आमचे काही ज्येष्ठ वाचक म्हणतील, "लढाई ही लढाई. तिथे हे लाड कशाला?" त्यांचा राग आम्ही समजतो. त्यांनी युद्धे पाहिली आहेत, मुले-नातवंडे सीमेवर पाठवली आहेत. जगातही असे म्हणणारे आहेत. अमेरिकेने २०१७ साली स्त्रिया, शांतता आणि सुरक्षा या विषयाचा कायदा केला होता, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये त्यांच्याच संरक्षणमंत्र्यांनी जाहीर केले की आपल्या खात्यातला हा कार्यक्रम बंद केला, कायद्याने भाग पडेल तेवढेच करू. त्यांचे म्हणणे, सैन्याने लढण्यावर लक्ष द्यावे.

पण आजोबा, तुम्हीच सांगा. दारफूरची गस्त चुकीच्या वेळी निघत होती, ती लढण्यात हुशारी होती का? ज्या मुलीला कुंपणापलीकडचा दगड न दगड माहीत आहे तिचे न ऐकणे, याला कडकपणा म्हणायचे का? अर्धा गाव न बघता गाव राखता येत नाही. हे लाड नाहीत, ही पहाऱ्याची पहिली अट आहे.

शेवटी आपल्या तनाखमधली एक गोष्ट. दाविद राजाच्या वेळी शेबा नावाचा बंडखोर पळून उत्तरेकडच्या आबेल बेथ-माखा गावात लपला. आज मेतुलाजवळ त्या जागेची टेकडी आहे. सेनापती योआब मोठे सैन्य घेऊन आला आणि तट पाडायला लागला. एका माणसासाठी सगळा गाव मरणार! तेव्हा तटावरून एका शहाण्या बाईने हाक मारली की योआबला इकडे बोलवा, मला बोलायचे आहे. योआब आला. तिने त्याला विचारले की इस्राएलातले हे जुने, शहाणपणासाठी नावाजलेले गाव तू का गिळतोस? तो म्हणाला, मला गाव नको, तो एक माणूस हवा. मग ती आपल्या लोकांत गेली, त्यांची समजूत घातली, बंडखोराचा निकाल गावाने लावला, आणि योआब शोफार वाजवून सैन्य घेऊन परत गेला. गाव वाचला.

त्या बाईचे नाव तनाखमध्ये दिलेले नाही. पण आम्हांला योआबचेही कौतुक वाटते. एवढा रागीट सेनापती, हातात तलवार, तरी तटावरून बाईने हाक मारली तर तो थांबला, जवळ गेला, आणि ऐकले. त्याला कोणी कोर्स दिला नव्हता. आजच्या सेनापतींना तो कोर्स द्यावा लागतो, तर द्यावा. त्यासाठी सरकारचे पैसे गेले तर जाऊ देत. आमच्या त्या आजींनाही आम्ही हेच सांगितले. त्या म्हणाल्या, "मग पोरीला बरोबर पाठवतायत. पण तिच्या साहेबाला पण पाठवा म्हणावं."

मुलांसाठी या वेळचा प्रश्न : दाविद चिडून चारशे माणसे घेऊन एका घरावर निघाला होता. वाटेत एक बाई गाढवांवर भाकरी आणि मनुका लादून त्याला सामोरी गेली आणि रक्तपात टळला. ती कोण? उत्तर तनाखच्या पहिल्या शमुवेलच्या पुस्तकात सापडेल. आजीला विचारा, आणि उत्तर मराठीत लिहून पाठवा. हिज्जे चुकले तरी चालतील.

आजी-आजोबांसाठीही एक काम : गावच्या पाणवठ्यावरची, माजघरातली एखादी गोष्ट, जी ओटीवर कधी आलीच नाही, ती नातवंडांना सांगा. ती तुमच्याबरोबर जाऊ देऊ नका.

पुढच्या अंकापर्यंत सुखरूप राहा. सीमेवर असलेली आपली सगळी मुले आणि मुली धडधाकट घरी येवोत. आमेन.